तरुण वाचकाचा ‘मी’ आणि राजा भोजाचा रसविचार

कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींना वाचलेल्या पुस्तकाविषयी बोलते केले, तर थोड्याच वेळात ती स्वतःविषयी बोलू लागतात. हे पात्र अगदी माझ्यासारखे आहे, लेखकाने त्याला मारायला नको होते, त्याच्या जागी मी असते तर गप्प बसले नसते, असे त्यांच्या बोलण्याचे स्वरूप असते. वर्गात आणि समीक्षेत अशा बोलण्याला फारसे वजन मिळत नाही; रचना, भाषा, निवेदन यांचा विचार त्यात नसल्यामुळे ते अपक्व मानले जाते आणि वय वाढले की ही सवय सुटेल, अशी समजूत करून घेतली जाते. या समजुतीच्या मुळाशी एक तात्त्विक गृहीतक आहे. कलाकृतीचा खरा आस्वाद घ्यायचा असेल, तर आस्वादकाने आपला ‘मी’ बाहेर ठेवून आत आले पाहिजे, असे ते गृहीतक. हा प्रश्न साहित्यशास्त्राचा तर आहेच, परंतु ज्या परंपरेत अहंकार हा साधनेतला सर्वांत चिवट अडसर मानला गेला, त्या परंपरेत तो धर्मविचाराचाही होतो: वाचताना जागा होणारा हा तरुण ‘मी’ म्हणजे संतांनी ज्याचा त्याग करायला सांगितले तोच अहंकार, की त्याची जात वेगळी आहे?

या प्रश्नाचा विचार भोपाळच्या संदर्भात करण्याला दोन कारणे आहेत. ज्या राजा भोजाच्या नावाशी या शहराचे नाव परंपरेने जोडले जाते, त्याने रसाचे मूळच अहंकारात आहे असा सिद्धान्त अकराव्या शतकात मांडला. आणि अलीकडच्या काळात हिंदी-मराठी तरुण वाचकांच्या हाती पडलेल्या काही महत्त्वाच्या पुस्तकांचे आणि नियतकालिकांचे उगमस्थान हेच शहर आहे. सिद्धान्त आणि त्याची कसोटी एकाच गावात भेटावीत, असा हा दुर्मीळ योग आहे.

आधी त्या गृहीतकाची सर्वांत भक्कम मांडणी पाहणे योग्य ठरेल. ती काश्मीरच्या अभिनवगुप्ताने भरताच्या नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’ या टीकेत सन १०००च्या सुमारास केली. त्याच्या आधी भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना पुढे आणली होती. रंगमंचावरचा शोक हा ना नटाचा, ना मूळ रामाचा, ना प्रेक्षकाचा असतो. देश, काळ आणि व्यक्ती यांची बंधने गळून पडल्यामुळे तो कोणा एकाचा न राहता सर्वांना अनुभवता येतो, आणि म्हणूनच तो दुःख न देता आस्वाद्य होतो, अशी ही कल्पना आहे. अभिनवगुप्ताने तिला पुढे नेऊन या आस्वादाच्या आड येणाऱ्या सात गोष्टींची यादी दिली. त्यांना तो रसविघ्ने म्हणतो. त्यांतली दोन येथे विशेष महत्त्वाची आहेत. एक म्हणजे समोरचा भाव हा ‘माझाच’ किंवा ‘त्याचाच’ आहे अशा समजुतीला जखडून राहणे. दुसरे म्हणजे स्वतःच्या खासगी सुखदुःखात इतके बुडालेले असणे की दुसऱ्या कशाचा प्रत्यय येण्याची शक्यताच उरू नये. या कसोटीला लावले, तर कादंबरीतल्या अनाथ मुलात स्वतःला पाहणारी आणि स्वतःच्या घरातल्या भांडणाची आठवण होऊन रडणारी पंधरा वर्षांची वाचक दोन्ही विघ्नांची धनी ठरते. सहृदय, म्हणजे रसास्वादाला पात्र असा आस्वादक, हा काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे असा असतो, असेही अभिनवगुप्ताने ‘ध्वन्यालोकलोचना’त म्हटले आहे. अभ्यासाला वर्षे लागतात. तरुण वाचकाकडे नेमकी तीच नसतात.

मात्र हा निकाल अंतिम मानण्याआधी परंपरेचीच दुसरी साक्ष काढावी लागते. संस्कृत साहित्यशास्त्राने काव्याचा अधिकारी, म्हणजे ज्याच्यासाठी ते रचले जाते तो, कोण याचा विचार करताना तरुणालाच वारंवार पुढे केले आहे. ‘वक्रोक्तिजीवित’कार कुंतक काव्याचे प्रयोजन सांगताना कष्टाच्या शास्त्राभ्यासाला कंटाळणारे सुकुमार राजपुत्र डोळ्यांसमोर ठेवतो, खुद्द अभिनवगुप्तही शास्त्राने ज्यांना शिकवता येत नाही अशा राजपुत्रांच्या हृदयात काव्य शिरते आणि त्यांना घडवते, असे मानतो, आणि पंचतंत्राची सगळी चौकटच अमरशक्ती राजाच्या तीन अडाणी मुलांसाठी विष्णुशर्म्याने उभी केलेली आहे. शिवाय अभिनवगुप्ताच्या मते वासना, म्हणजे अनादी संस्कारांतून आलेली भावनांची बीजे, प्रत्येक माणसात जन्मतःच असतात. तरुणाकडे अभ्यास नसेल, पण बीज पूर्ण असते. परंपरेने मान्य केलेल्या जन्मसालानुसार विचार केला, तर १२९० साली ‘ज्ञानेश्वरी’ सांगणारे ज्ञानदेव सोळा वर्षांच्या आतबाहेरचे होते, आणि त्यांच्यासमोर वडीलधारे श्रोते बसले होते. गीतेवर बोलण्याचा अधिकार ज्या भाषेने सोळाव्या वर्षी मान्य केला, त्या भाषेत सोळाव्या वर्षीच्या वाचनाला अपक्व म्हणून बाजूला सारणे सुसंगत ठरत नाही.

येथे भोजाकडे वळावे लागते. धार येथे राजधानी असलेल्या या परमार राजाने साधारणतः १०१० ते १०५५ या काळात राज्य केले. भोपाळच्या मोठ्या तलावाची निर्मिती परंपरा त्याच्याच नावावर मांडते आणि २०११ साली त्या तलावाला भोजताल हे नावही देण्यात आले. भोपाळजवळच्या भोजपूर येथे त्याचे अपुरे राहिलेले शिवमंदिर आजही उभे आहे. मंदिराच्या परिसरातल्या खडकांवर बांधकामाचे आराखडे कोरलेले असून, न झालेल्या वास्तूचा विचार दगडावर शिल्लक राहण्याचे ते विलक्षण उदाहरण आहे. त्याचा ‘शृंगारप्रकाश’ हा छत्तीस प्रकाशांचा प्रचंड ग्रंथ व्ही. राघवन यांच्या दीर्घ संशोधनामुळे विसाव्या शतकातल्या अभ्यासकांना नीट परिचित झाला. काश्मीरच्या परंपरेच्या मानाने तो मराठी समीक्षेत कमी चर्चिला गेला, ही उणीव आहे.

भोजाचे म्हणणे थोडक्यात असे. रस आठ किंवा नऊ नाहीत, एकच आहे, आणि तो म्हणजे अहंकार. त्यालाच तो अभिमान आणि शृंगार अशीही नावे देतो. शृंगार हा शब्द येथे स्त्रीपुरुषांच्या प्रेमापुरता घ्यायचा नाही. माणसाला जो शिखरापर्यंत नेतो तो, असा त्याचा अर्थ भोजाला अभिप्रेत आहे. हा अहंकार म्हणजे गर्व नव्हे. पूर्वजन्मांच्या अनुभवांतून आत्म्यात रुजलेली स्वतःच्या असण्याची ती जाणीव आहे, आणि ज्याच्यात ती जागी असते त्यालाच रसिक म्हणावे, ज्याच्यात ती नसते तो अरसिक, अशी त्याची स्पष्ट विभागणी आहे. दुःखदायक गोष्टही मनाला अनुकूल होऊन सुखासारखी वाटते, ती या स्वभानामुळेच, असेही तो म्हणतो. या एका रसाच्या तीन अवस्था त्याने कल्पिल्या आहेत, त्यांना कोटी असे नाव आहे. पूर्वकोटीत अहंकार नुसता जागा असतो. मध्यमकोटीत तो रती, शोक, क्रोध, भय अशा एकोणपन्नास भावांच्या रूपांनी पसरतो. आणि उत्तरकोटीत हे सगळे भाव प्रेमात परिणत होतात. युद्धावर प्रेम करणारा, हास्यावर प्रेम करणारा, क्रोधावर प्रेम करणारा, असे सगळेच अखेर प्रेमाचेच प्रकार होतात, अशी त्याची भूमिका आहे.

अभिनवगुप्ताच्या विचारात जी गोष्ट दारातच काढून ठेवायची, तिच्यापासूनच भोजाचा विचार सुरू होतो, हे यावरून दिसेल. दोघांमध्ये सरळ विरोध आहे असे मानण्याचे मात्र कारण नाही. भोजही ‘मी’ला आहे तेथेच थांबू देत नाही; प्रेमात परिणत न झालेला अहंकार त्याच्या लेखी अर्ध्या वाटेवरचा आहे. फरक एवढाच की अभिनवगुप्त पोहोचलेल्या वाचकाचे वर्णन करतो आणि भोज निघालेल्या वाचकाचे. तरुण वाचकाच्या प्रतिक्रियांना न्याय द्यायचा, तर निघण्याचे हे शास्त्र हाती असणे आवश्यक आहे. संतांचा आक्षेपही या दृष्टीने पाहिला तर सौम्य होतो. भक्तीत जो गळायला हवा तो आपले वेगळेपण मिरवणारा ताठा आहे. परंतु देवाशी भांडणारा, त्याला जाब विचारणारा, रुसणारा ‘मी’ वारकरी अभंगांनी कधीच दाबून टाकलेला नाही, आणि नामदेवांची किंवा जनाबाईंची वाणी या ‘मी’शिवाय कल्पनेतही आणता येत नाही.

या विचाराची कसोटी मराठी तरुणांच्या वाचनात पाहायची, तर पहिले नाव शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’चे घ्यावे लागते. १९६७ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी गेली कित्येक दशके शाळेच्या शेवटच्या वर्षांत आणि महाविद्यालयाच्या सुरुवातीच्या वर्षांत वाचली जात आली आहे. भोपाळमधल्या मराठी वाचकांपुरते पाहायचे, तर १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि तिच्याबरोबर शासकीय सेवेतली बरीच मराठी कुटुंबे या शहरात आली. शाळेत हिंदी व इंग्रजी आणि घरात मराठी, अशा वातावरणात वाढलेल्या त्यांच्या पुढच्या पिढ्यांना मोठे मराठी पुस्तक पहिल्यांदा हाती घ्यायला लावणाऱ्या कलाकृतींत अशा पौराणिक कादंबऱ्यांची गणना करावी लागते. ‘मृत्युंजय’ची रचना येथे अर्थपूर्ण आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण अशा सहा जणांची निवेदने तीत आहेत आणि प्रत्येक जण ‘मी’ म्हणून बोलतो. कर्णाचा ‘मी’ वाचणाऱ्याच्या ‘मी’मध्ये सहज शिरतो, कारण कर्णाची जखम किशोरवयाची जखम आहे: आपण खरे कोणाचे, आपली योग्यता कोणी ओळखत का नाही, आपला जन्म आपल्या आड का येतो. यावर तरुण वाचकाची जी पहिली प्रतिक्रिया उमटते, ती अन्यायाच्या चिडीची. ही चीड अभ्यासकाला भाबडी वाटू शकते, परंतु नीतिविचाराच्या दृष्टीने ती मौल्यवान आहे. कुळावरून माणसाची किंमत ठरवणे चूक आहे हे वाक्य पाठ्यपुस्तकात शंभरदा वाचूनही जे कळत नाही, ते कर्णाच्या अपमानाच्या वेळी आतून कळते.

तथापि ही चीड येथेच थांबली तर ती कर्णाच्या पक्षपातात गोठून जाते. पुष्कळ वाचकांच्या बाबतीत तसे होते, आणि कर्णाला न्याय देण्याच्या भरात द्रौपदीचा अपमान पचवून टाकला जातो. सुदैवाने ‘मृत्युंजय’च्याच वर्षी, १९६७ मध्ये, इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ प्रसिद्ध झाले. महाभारताच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन लिहिलेल्या या निबंधांत कर्णाकडे पाहण्याची दृष्टी निराळी आहे. आपण कोण या प्रश्नाचे उत्तर न सापडलेला माणूस म्हणून कर्वे त्याच्याकडे सहानुभूतीने पाहतात, पण त्याच्या वागण्याचा हिशेबही चोख मांडतात. स्वयंवरात द्रौपदीने सूतपुत्र म्हणून कर्णाला नाकारल्याचा लोकप्रिय प्रसंग चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही, हे कळते तेव्हा तरुण वाचकाला धक्का बसतो. हा धक्का ज्याला बसतो त्याचे आधी कर्णाशी नाते जडलेले असते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्याने कर्णासाठी कधी अश्रू ढाळले नाहीत, त्याच्या लेखी ‘युगान्त’मधला कर्ण ही फक्त माहिती राहते. आधी तादात्म्य, म्हणजे पात्राशी एकरूप होणे, आणि मग चिकित्सा, हा क्रम उलटवता येत नाही.

वाचणाऱ्याच्या ‘मी’ला असे हलवणारी पुस्तके मुलांच्या हाती पडू देण्याविषयीची भीती जुनी आहे. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात लहान वयात रूपक आणि वस्तुस्थिती यांतला भेद कळत नाही म्हणून देवांच्या भांडणांच्या कथा आदर्श नगरातून वगळल्या. उर्दूत डेप्युटी नझीर अहमद यांची ‘मिरात-उल-उरूस’ ही मुलींच्या शिक्षणाचा पुरस्कार करणारी आणि स्वतःच्या मुलींसाठी लिहिलेली कादंबरी १८६९ साली आली, सरकारी पारितोषिकही तिला मिळाले. पण पुढे मौलाना अशरफ अली थानवी यांनी ‘बहिश्ती जेवर’मध्ये स्त्रियांसाठी हितकर आणि अहितकर पुस्तकांच्या याद्या दिल्या, तेव्हा शहाणपणाच्या गोष्टींबरोबर श्रद्धा दुबळी करणारी स्थळेही आहेत म्हणून तिची गणना अहितकर पुस्तकांत केली. अमेरिकेत २००० ते २००९ या दशकात ग्रंथालयांतून काढून टाकण्याची सर्वाधिक मागणी झालेल्या पुस्तकांत ‘हॅरी पॉटर’ मालिका अग्रस्थानी होती आणि त्यातल्या बऱ्याच आक्षेपांचे कारण जादूटोणा हे धार्मिक स्वरूपाचे होते. या सर्वांना पुस्तकाची शक्ती नेमकी कळली होती, हे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. मुलाचा ‘मी’ पुस्तकाने बदलतो, हे ते जाणून होते. फक्त तो बदल आज्ञेच्या बाहेर जाऊ नये, असा त्यांचा आग्रह होता.

‘हॅरी पॉटर’चा संबंध भोपाळशी फार जवळचा आहे. जे. के. रोलिंग यांच्या १९९७ सालच्या पहिल्या पुस्तकाचा हिंदी अनुवाद आणि बाळ ऊर्ध्वरेषे यांनी केलेला ‘हॅरी पॉटर आणि परीस’ हा मराठी अनुवाद, हे दोन्ही भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाऊसने प्रकाशित केले. मराठी माध्यमाच्या शाळेत शिकणाऱ्या आणि इंग्रजी कादंबरी वाचण्याइतका सराव नसलेल्या मुलांपर्यंत ही कथा पोहोचली ती या मार्गाने. या पहिल्या पुस्तकात प्रस्तुत प्रश्नाला थेट भिडणारे एक प्रकरण आहे. शाळेत हॅरीला एक आरसा सापडतो. पाहणाऱ्याच्या मनातली सर्वांत खोल इच्छा तो दाखवतो. अनाथ हॅरीला त्यात आपले आईवडील दिसतात आणि तो पुन्हा पुन्हा तेथे जाऊन बसू लागतो, तेव्हा मुख्याध्यापक डम्बलडोर त्याला सावध करतात की या आरशासमोर बसून माणसे झिजून गेली आहेत. तरुण वाचकाच्या वाचनाला असलेला धोका याहून स्पष्ट शब्दांत कोणी मांडला असेल असे वाटत नाही. पुस्तकात केवळ आपलीच इच्छा पाहत राहणे म्हणजे पूर्वकोटीतच अडकून पडणे.

पण लेखिका तेथे थांबत नाही, आणि येथेच ही कथा एरवीच्या साहसकथांहून वर उठते. शेवटी अमरत्व देणारा परीस त्याच आरशात लपवलेला असतो आणि तो मिळवण्याची अट अशी असते की, ज्याला तो शोधायचा आहे पण वापरायचा नाही, त्यालाच तो मिळेल. स्वार्थासाठी परीस हवा असणाऱ्याला आरशात फक्त स्वतःचे भोगणे दिसत राहते. हॅरीला तो दुष्टाच्या हाती पडू नये एवढेच हवे असते, म्हणून त्याच्या खिशात तो येऊन पडतो. फलाची आसक्ती न ठेवता कर्म करावे, हा गीतेचा विचार अकरा वर्षांच्या नायकाच्या हातून असा सहजपणे घडताना पाहणे हा मराठी मुलाच्या वाचनातला लहान प्रसंग नाही. आरसा तोच आहे, पाहणाऱ्याची इच्छा मात्र स्वतःकडून दुसऱ्याकडे वळली आहे. भोजाच्या परिभाषेत सांगायचे, तर अहंकार नाहीसा न होता प्रेमाच्या कोटीत गेला आहे.

या प्रकाशात आणखी एक भेद करता येतो. भोपाळची हीच प्रकाशनसंस्था व्यक्तिमत्त्वविकासाच्या आणि यशप्राप्तीच्या अनुवादित पुस्तकांसाठीही ओळखली जाते, आणि देशभर तरुणांच्या वाचनात या प्रकाराचे प्रमाण मोठे आहे. त्यांचा काहींना उपयोग होतो, यात शंका नाही. मात्र अशा पुस्तकात वाचकाचा ‘मी’ आरंभी जो असतो तोच शेवटीही असतो, फक्त अधिक बळकट होऊन बाहेर पडतो. दुसऱ्याच्या दुःखाशी त्याची गाठ पडत नाही. परीस वापरण्यासाठीच मिळवायचा, अशी ही शिकवण आहे. म्हणून तरुणाच्या वाचनाची काळजी करायचीच असेल, तर जादूच्या पुस्तकांपेक्षा या दुसऱ्या प्रकाराची करणे अधिक योग्य ठरेल.

तरुण वाचकाच्या प्रतिक्रियेलाच कथेचा विषय केलेली एक कादंबरी येथे आठवते. जॉन ग्रीन यांच्या २०१२ सालच्या ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’मध्ये कर्करोगाने आजारी असलेली सोळा वर्षांची हेझल एका कादंबरीच्या प्रेमात आहे. ती कादंबरी वाक्याच्या मध्येच संपते, आणि पुढे त्यातल्या माणसांचे काय झाले हे विचारण्यासाठी हेझल थेट ॲम्स्टरडॅमला लेखकाकडे जाते. लेखक तिला झिडकारतो. संपलेल्या कथेतल्या पात्रांना पुढचे आयुष्य असते असे मानणे तर्काला धरून नाही, हे खरेच आहे. नाट्यशास्त्राचा जुना टीकाकार श्रीशंकुक याने कलेतल्या माणसांच्या खरेखोटेपणाच्या कोड्यासाठी चित्रतुरगन्याय, म्हणजे चित्रातल्या घोड्याचा दाखला, योजला होता: चित्रातला घोडा पाहून होणारे ज्ञान खरे नसते, खोटे नसते, संशयाचे नसते आणि सारखेपणाचेही नसते, ते स्वतंत्र जातीचे ज्ञान असते. हेझलला मात्र चित्रातला घोडा पुढे कोठे गेला हे हवे आहे. तिचा प्रश्न तर्काच्या बाजूने पाहता चुकीचा आणि माणसाच्या बाजूने पाहता अगदी बरोबर आहे, कारण तिला सर्वांत जास्त जाणून घ्यायचे असते ते नायिकेच्या आईचे पुढे काय झाले ते, आणि त्यामागे आपल्या मृत्यूनंतर आपल्या आईवडिलांचे काय होईल ही काळजी आहे. अत्यंत खासगी वाटणाऱ्या या प्रतिक्रियेचा शेवटचा पदर दुसऱ्याविषयीच्या प्रेमाचा निघतो. समीक्षेने ‘पुढे काय झाले’ या प्रश्नाला बालिश म्हणण्याआधी हा पदर उलगडून पाहायला हवा.

आतापर्यंतच्या विवेचनात पुस्तकातले दुःख वाचकापासून काहीसे दूरचे होते. भोपाळमध्ये हे अंतर नेहमीच राखता येत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू गळला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. वाचलेल्यांच्या शरीरांत त्याचे परिणाम उरले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, याच शहरात ‘एकलव्य’ या संस्थेने ‘चकमक’ हे मुलांचे हिंदी मासिक सुरू केले, आणि मुलांनी स्वतः लिहिलेले, काढलेले छापण्यासाठी त्यात ‘मेरा पन्ना’ हे सदर ठेवले. आपल्याला काय वाटले ते सांगण्याचा मुलाचा अधिकार या सदराने कोणताही सिद्धान्त न मांडता मान्य केला, म्हणून त्याचे महत्त्व मोठे आहे.

या दुर्घटनेवर इंद्र सिन्हा यांनी २००७ साली ‘ॲनिमल्स पीपल’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली. तिचा निवेदक एकोणीस वर्षांचा आहे. विषामुळे पाठीचा कणा वाकल्याने तो हातापायांवर चालतो, स्वतःला जनावर म्हणवतो आणि आपली हकिकत टेपवर बोलून नोंदवतो. सिन्हांनी शहराचे नाव बदलून खौफपूर केले आहे. हे नाव बदलणे हा वास्तव लपवण्याचा प्रकार नव्हे, साधारणीकरणाचाच एक मार्ग आहे. विशिष्ट देशकाळाची गाठ थोडी सैल केल्यामुळे दूरच्या वाचकालाही हे दुःख अनुभवता येते. पण भोपाळच्या जुन्या वस्त्यांतली एखादी मुलगी ही कादंबरी वाचते, तेव्हा खौफपूर हे तिच्यासाठी भोपाळच असते, आणि तिच्या आजीचा खोकला पानांतून ऐकू येऊ शकतो. अभिनवगुप्ताने सांगितलेले स्वतःच्या सुखदुःखात बुडून जाण्याचे विघ्न येथे खऱ्या अर्थाने उपस्थित होते.

या विघ्नाविषयी अभिनवगुप्ताने जो उपाय सांगितला आहे त्याकडे सहसा लक्ष जात नाही. प्रेक्षकाने आपले दुःख घरी ठेवून यावे, असे तो म्हणत नाही. गीत, वाद्य, मंडपाची शोभा यांच्या योगाने रंगमंचाने ते दुःख हलके करावे, म्हणजे अहृदय माणसाचेही मन निर्मळ होऊन तो सहृदय होईल, असे त्याचे म्हणणे आहे. विघ्न दूर करण्याची जबाबदारी त्याने सादर करणाऱ्यावर टाकली आहे, पाहणाऱ्यावर नाही. याचा अर्थ, तरुण वाचकाला खासगी प्रतिक्रियेबद्दल दोष देणारी समीक्षा ज्या शास्त्राचा आधार घेते, त्या शास्त्रानेच तो दोष वाचकाच्या माथी मारलेला नाही. अशा पुस्तकाबरोबर बसणाऱ्या शिक्षकाचे किंवा पालकाचे कामही यावरून ठरते: बोध काय मिळाला हे विचारण्याऐवजी वाचणाऱ्या मुलीला बोलायला, गप्प राहायला आणि हवे तेव्हा पुस्तक मिटायलाही जागा देणे.

मिटण्याच्या या अधिकाराला कादंबरीतूनच आधार मिळतो. सिन्हांचा निवेदक आपली हकिकत वाचणाऱ्या हजारो अनोळखी डोळ्यांना उद्देशून बोलतो आणि त्यांच्या दयेवर त्याचा विश्वास नाही. आपले दुःख दूरच्यांच्या हळहळीचा विषय व्हावे, हे त्याला मान्य नाही. ज्या तरुण वाचकाने असे दुःख घरात पाहिले आहे, त्याने अर्ध्यात पुस्तक खाली ठेवले, तर तो रसास्वादात कमी पडला असे म्हणता येत नाही. निवेदकाचा नकार त्याला इतर कोणत्याही वाचकाहून अधिक नेमका समजला आहे, आणि पात्राशी त्याचे जडलेले नाते पुस्तक बंद असतानाही तुटलेले नाही.